जनुकाची संकल्पना आणि जनुकाची कात्री

प्रास्ताविक जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विषयाची मांडणी बहुधा एका ठराविक क्रमाने केलेली आढळते. प्रथम पेशी, मग गुणसूत्र, त्यानंतर डीएनएच्या रेणूची रचना, मग ‘जनुक म्हणजे एका प्रथिनाची माहिती धारण करणारा डीएनएचा खंड’ ही व्याख्या, आणि ग्रंथाच्या अखेरीस ‘उपयोग’ ह्या सदराखाली जनुक-अभियांत्रिकीचे एखादे प्रकरण. अध्यापनाच्या दृष्टीने हा क्रम सोयीचा आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात असा समज नकळत दृढ होतो की, मूळ संकल्पना आधी पूर्णपणे निश्चित झाल्या आणि मागाहून त्यांचा व्यवहारात उपयोग करण्यात आला. इतिहास ह्या समजुतीस दुजोरा देत नाही. डीएनए कापणारी कात्री ज्यांच्या हाती आली ते तिच्या शोधात निघालेले नव्हते; जीवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंच्या वर्तनातील एका किरकोळ विसंगतीचा ते पाठपुरावा करीत होते. शिवाय ही कात्री हाती आल्यावर थोड्याच वर्षांत तिने जनुकाच्या त्या सर्वमान्य व्याख्येसच बाध आणला. संकल्पना आणि साधन ह्यांचा हा परस्परसंबंध कसा घडत गेला आणि त्यातून कोणता प्रश्न मागे उरला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. नाव आधी, पदार्थ मागाहून

ग्रेगोर मेंडेल ह्यांनी वाटाण्यावरील आपले प्रयोग ब्रनो येथील निसर्गविज्ञान मंडळापुढे १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत वाचून दाखविले, आणि त्यांचा निबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या एका प्रयोगात दुसऱ्या पिढीतील ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या; म्हणजे प्रमाण २.९६ : १ असे पडले. ह्या आकड्यांवरून मेंडेल ह्यांनी काढलेले अनुमान मोठे धाडसाचे होते. संकरात लक्षणे एकमेकांत विरघळून जात नाहीत, प्रत्येक लक्षणामागे काही घटक असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहतो आणि जननपेशी तयार होताना आपल्या जोडीदारापासून विलग होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. हा घटक कोणत्या पदार्थाचा बनलेला आहे, हे सांगण्याचे त्यांच्यापाशी कोणतेही साधन नव्हते. त्यांच्या निबंधाकडे पस्तीस वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि १९०० साली ड फ्रीस, कॉरेन्स व चेर्माक ह्यांच्या लेखनातून तो पुन्हा प्रकाशात आला.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म योहान्सेन ह्यांनी १९०९ मध्ये ह्या घटकासाठी ‘जीन’ हा शब्द योजला. कोणत्याही विशिष्ट उपपत्तीचे ओझे त्यावर असू नये, अशीच त्यांची इच्छा होती. जमाखर्चाच्या वहीत रक्कम मांडावी आणि ती नाण्यांत आहे की नोटांत आहे ह्याची चौकशी करू नये, तशीच त्या काळी जनुकाची स्थिती होती. १९१० नंतर न्यूयॉर्क येथे टॉमस हंट मॉर्गन व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी फळमाशीवरील प्रयोगांनी जनुकांचे स्थान गुणसूत्रांवर निश्चित केले. त्यांपैकी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट ह्यांनी १९१३ मध्ये जनुकांचा पहिला रेषीय नकाशा प्रसिद्ध केला. अशा रीतीने जनुकाला पत्ता मिळाला. परंतु त्या पत्त्यावर कोण राहते हे अज्ञातच होते. १९३३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर मॉर्गन ह्यांनी जे व्याख्यान दिले त्यात, जनुके वास्तव आहेत की केवळ कल्पित आहेत ह्याविषयी आनुवंशिकशास्त्रज्ञांत एकमत नाही आणि प्रजननाच्या प्रयोगांना त्यामुळे काही बाधाही येत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. विषयाच्या सर्वश्रेष्ठ अधिकारी पुरुषाने दिलेली ही कबुली होय. जनुक म्हणजे काय हे ठाऊक नसताही जनुकांचे शास्त्र तीन दशके जोमाने वाढत होते.

२. पदार्थाचा निर्णय

डीएनए हा पदार्थ मात्र मेंडेल ह्यांच्याच काळात हाती आलेला होता. फ्रीडरिश मीशर ह्यांनी १८६९ मध्ये ट्यूबिंगेन येथे, जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून मिळविलेल्या पेशींच्या केंद्रकांतून तो वेगळा केला होता. परंतु पुढील कित्येक वर्षे त्याचा आनुवंशिकतेशी संबंध जोडण्यात आला नाही. त्याच्या रेणूत चार क्षारकांची एकाच क्रमाने कंटाळवाणी पुनरावृत्ती असते, असे मत रूढ झाले होते. चारच अक्षरे, आणि तीही एकाच क्रमाने. एवढ्यावर सजीवांचे अपार वैविध्य कसे लिहिले जाणार? हा मान प्रथिनांचाच असला पाहिजे, असे बहुतेक विद्वानांस वाटे.

ह्या मतास पहिला धक्का रोगजंतूंच्या अभ्यासातून बसला. लंडन येथे फ्रेडरिक ग्रिफिथ ह्यांनी १९२८ मध्ये असे दाखविले की, न्यूमोनियाच्या निरुपद्रवी जंतूंबरोबर उष्णतेने मारलेले घातक जंतू उंदरास टोचले असता उंदीर मरतो, आणि त्याच्या रक्तात जिवंत घातक जंतू सापडतात. मेलेल्या जंतूंमधून काहीतरी जिवंत जंतूंत गेले होते आणि ते पुढील पिढ्यांतही टिकून राहिले होते. ते ‘काहीतरी’ शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड व मॅक्लिन मॅकार्टी ह्यांनी केले आणि १९४४ च्या फेब्रुवारीत आपला निबंध प्रसिद्ध केला. प्रथिनांचे विघटन करणाऱ्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, त्या पदार्थावर परिणाम होत नव्हता. आरएनएचे विघटन करणाऱ्या विकराचाही होत नव्हता. परंतु डीएनएचे विघटन करणाऱ्या विकराने त्याची शक्ती नष्ट होत असे. इतके असूनही ह्या तिघांनी निष्कर्ष अत्यंत सावधपणे मांडला, आणि नमुन्यात अत्यल्प प्रमाणात राहिलेला दुसराच एखादा पदार्थ कारणीभूत असण्याची शक्यता मोकळी ठेवली. त्याच संस्थेतील आल्फ्रेड मर्स्की ह्यांनी हाच आक्षेप पुढे अनेक वर्षे लावून धरला. त्या आक्षेपास आज हट्ट म्हणणे सोपे आहे. परंतु तत्कालीन शुद्धीकरणाच्या मर्यादा लक्षात घेता तो अवास्तव नव्हता.

त्यानंतरचा इतिहास सुपरिचित आहे. एर्विन चारगाफ ह्यांनी १९५० च्या सुमारास चार क्षारकांचे प्रमाण जातीगणिक बदलते, तथापि त्यांतील विशिष्ट जोड्यांचे प्रमाण सारखे राहते, हे दाखवून जुन्या मताचा पायाच काढून घेतला. हर्शी व चेस ह्यांनी १९५२ मध्ये किरणोत्सर्गी फॉस्फरस आणि गंधक वापरून, विषाणू जीवाणूत शिरतो तेव्हा मुख्यतः त्याचा डीएनए आत जातो, हे सिद्ध केले. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक ह्यांचा दुहेरी सर्पिलाचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच अंकात रोझलिंड फ्रँकलिन व मॉरिस विल्किन्स ह्यांच्या गटांनी क्षकिरणांच्या साहाय्याने मिळविलेला पुरावा आला. १९६१ मध्ये निरेनबर्ग व मथाई ह्यांनी सांकेतिक लिपीचा पहिला शब्द वाचला, आणि १९६६ पर्यंत चौसष्टही त्रिकांचा अर्थ उलगडला. त्या कामात हरगोविंद खोराना ह्यांचा वाटा मोठा होता. अविभक्त पंजाबातील रायपूर ह्या खेड्यात जन्मलेल्या ह्या शास्त्रज्ञास निरेनबर्ग व हॉली ह्यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा रीतीने एक शतकाच्या अवधीत जनुकाच्या कल्पनेला पदार्थ, रचना आणि लिपी ह्या तिन्ही गोष्टी प्राप्त झाल्या. पाठ्यपुस्तकातील व्याख्या येथे पूर्ण होते. तथापि १९६६ साली कोणत्याही प्राण्याच्या एखाद्या विशिष्ट जनुकास हात लावणे कोणासही शक्य नव्हते. डीएनएचा रेणू अतिशय लांब आणि सर्वत्र एकसारखा दिसणारा. तो घुसळून फोडला तर वाटेल तेथे तुटे. लिपी कळली होती, परंतु ग्रंथातील हवे ते पान काढता येत नव्हते.

३. एक किरकोळ विसंगती

ह्या अडचणीचे उत्तर ज्या संशोधनातून आले त्याचा आरंभ दुहेरी सर्पिलाच्याही आधीचा आहे. इलिनॉय विद्यापीठात साल्वाडोर लूरिया व मेरी ह्यूमन हे ई. कोलाय नावाच्या जीवाणूवर वाढणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करीत होते. जीवाणूच्या एका उत्परिवर्तित वाणात वाढलेले विषाणू पुन्हा मूळ वाणावर सोडले असता वाढत नाहीत, असे त्यांस आढळले. ते नष्टच होत असावेत असे प्रथम वाटले. नेहमीचे जीवाणू असलेली नळी फुटली म्हणून एकदा शेजारच्या प्रयोगशाळेतून निराळ्या जातीचे जीवाणू मागून आणले आणि त्यांवर ते ‘नष्ट’ विषाणू उत्तम वाढले, अशी हकीकत लूरिया ह्यांनी पुढे सांगितली आहे. १९५२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये बर्तानी व वाइगले ह्यांनी अन्य विषाणूंच्या बाबतीत तोच प्रकार नोंदविला.

ह्या घटनेतील चमत्कारिक भाग असा. ई. कोलायच्या ‘सी’ वाणात वाढलेला लॅम्डा नावाचा विषाणू ‘के’ वाणावर सोडला असता हजारोंपैकी एखादाच यशस्वी होई. त्या एखाद्याची संतती मात्र ‘के’ वाणावर बिनदिक्कत वाढे. हे उत्परिवर्तन आहे असे म्हणावे, तर तीच संतती एकदा ‘सी’ वाणातून नेली की तिचे हे सामर्थ्य तत्काळ लोपत असे. म्हणजे विषाणूत काही बदल होत होता. तो पुढील पिढीत दिसत होता. परंतु तो आनुवंशिक लिपीतील बदल नव्हता. विषाणूने शेवटचा मुक्काम कोठे केला होता, एवढीच खूण त्याच्या अंगावर राहत होती. आनुवंशिकतेच्या तत्कालीन चौकटीत ह्या गोष्टीस जागा नव्हती, आणि तिचा काही उपयोग असेल असेही कोणास वाटण्याचे कारण नव्हते. बहुतेकांनी ती बाजूस ठेवली.

जिनीव्हा येथील व्हेर्नर आर्बर ह्यांनी ती बाजूस ठेवली नाही. आर्बर आणि त्यांच्या विद्यार्थिनी डेझी दुस्वा ह्यांनी १९६२ मध्ये असे दाखविले की, ही खूण विषाणूच्या डीएनएवरच असते, आणि खूण नसलेला डीएनए जीवाणूत शिरताच त्याचे तुकडे होतात. पुढील वर्षांत ह्या खुणेचे स्वरूपही स्पष्ट झाले. जीवाणू आपल्या डीएनएतील काही ठराविक जागी मिथिल गट जोडतो. ज्या डीएनएवर त्या जागी हा शिक्का नाही तो परका ठरतो, आणि जीवाणूतील एक विकर त्याचे छेदन करते. क्षारकांचा क्रम न बदलता झालेली ही नोंद असल्यामुळे ती टिके आणि पुसलीही जाई. दहा वर्षांपूर्वीच्या विसंगतीचा असा उलगडा झाला. जीवाणूला विषाणूंपासून संरक्षण देणारी ती एक व्यवस्था होती.

१९६८ मध्ये मेसेलसन व युआन ह्यांनी असे एक विकर शुद्ध केले. ते विशिष्ट जागा ओळखत असे, परंतु छेद मात्र तेथून दूर, अनिश्चित ठिकाणी घेत असे. कात्री म्हणून ते निरुपयोगी होते. खरी कात्री पुन्हा अनपेक्षित मार्गानेच मिळाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ व केंट विलकॉक्स हे हिमोफिलस नावाच्या जीवाणूत बाहेरील डीएनए कसा सामावला जातो ह्याचा अभ्यास करीत होते. तुलनेसाठी त्यांनी एका विषाणूचा डीएनए त्या जीवाणूस दिला. परंतु तो पुन्हा हाती लागेना. तेव्हा त्यांनी जीवाणूच्या अर्कात दोन्ही प्रकारचे डीएनए ठेवून द्रावणाचा चिकटपणा मोजला. विषाणूच्या डीएनएचा चिकटपणा झपाट्याने उतरला, जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएचा कायम राहिला. त्यांचे व टॉमस केली ह्यांचे निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. हे विकर सहा क्षारकांचा एक ठराविक क्रम ओळखून बरोबर त्याच्या मध्यभागी छेद घेत होते. लूरिया ह्यांच्या निबंधास तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

त्याच विद्यापीठातील डॅनियल नेथन्स ह्यांनी ह्या विकराचे महत्त्व तत्काळ ओळखले. १९७१ मध्ये कॅथलीन डॅना व नेथन्स ह्यांनी एसव्ही-४० ह्या माकडांतील विषाणूचा वर्तुळाकार डीएनए त्याने कापून त्याचे अकरा निश्चित खंड वेगळे केले. वाटेल तेथे तुटणारा रेणू आता प्रत्येक वेळी त्याच जागी तुटू लागला. आर्बर, स्मिथ व नेथन्स ह्या तिघांस १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

४. तोडणे आणि जोडणे

कापलेले खंड सांधण्याचे साधन आधीच उपलब्ध झालेले होते. डीएनएच्या धाग्यातील खंड जोडणारे लायगेज हे विकर १९६७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी शोधून काढले होते. त्याचे नैसर्गिक कार्य दुरुस्तीचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल बर्ग, डेव्हिड जॅक्सन व रॉबर्ट सायमन्स ह्यांनी १९७२ मध्ये एसव्ही-४० चा डीएनए आणि लॅम्डा विषाणूचे व जीवाणूचे जनुक असलेला डीएनए हे दोन भिन्न कुळांचे रेणू परीक्षानळीत एकत्र सांधले. त्यांची पद्धती मात्र किचकट होती. प्रत्येक टोकास रासायनिक शेपट्या स्वतंत्रपणे जोडाव्या लागत.

ह्यातील श्रम एका नव्या विकराने वाचविले. सॅन फ्रान्सिस्को येथे हर्बर्ट बॉयर ह्यांच्या प्रयोगशाळेत मिळालेले ‘इको-आर-वन’ हे विकर जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम ओळखते. चार अक्षरांच्या लिपीत असा एखादा ठराविक क्रम सरासरीने ४,०९६ अक्षरांत एकदा यावा. म्हणून त्याने पाडलेले खंड हाताळण्यास सोयीचे असतात. परंतु त्याचा विशेष गुण दुसराच आहे. ते दोन्ही धाग्यांत समोरासमोर छेद न घेता तिरपा छेद घेते, आणि त्यामुळे प्रत्येक टोकास ए-ए-टी-टी अशी चार अक्षरांची मोकळी शेपटी राहते. जेनेट मर्ट्झ व रोनाल्ड डेव्हिस ह्यांनी १९७२ मध्ये दाखविले की, अशी टोके आपण होऊन एकमेकांस चिकटतात. डीएनए कोणत्या प्राण्याचा आहे ह्याची ही टोके विचारपूस करीत नाहीत. सजीवांच्या कुळांमधील जी भिंत उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षांत उभी केली होती तिच्या आरपार जाणारी वाट ह्या चार अक्षरांतून निघाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नोव्हेंबर १९७२ मध्ये होनोलुलू येथील एका परिषदेत बॉयर आणि स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन ह्यांची भेट झाली. कोहेन हे प्लाझ्मिडांचे अभ्यासक होते. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूतील मुख्य गुणसूत्राहून वेगळे असणारे, स्वतंत्रपणे आपल्या प्रती काढणारे डीएनएचे लहान वर्तुळ. कॅल्शियम क्लोराइडच्या साहाय्याने ते जीवाणूत परत घालण्याची रीत कोहेन ह्यांच्या प्रयोगशाळेस साधली होती. एकापाशी कात्री होती, दुसऱ्यापाशी वाहन होते. कोहेन, ॲनी चँग, बॉयर व रॉबर्ट हेलिंग ह्यांनी टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जनुक असलेल्या प्लाझ्मिडात कॅनामायसिनला दाद न देणारे जनुक जोडले आणि ती वर्तुळे ई. कोलायमध्ये घातली. दोन्ही औषधे मिसळलेल्या माध्यमावर जे जीवाणू तगले त्यांत नवा रेणू नांदत होता आणि जीवाणूंच्या प्रत्येक विभाजनाबरोबर त्याची संख्या वाढत होती. हा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी आफ्रिकेतील झेनोपस ह्या बेडकाच्या डीएनएचा खंड जीवाणूत वाढविण्यात आला. जनुक-अभियांत्रिकीचा प्रारंभ सामान्यतः येथून मानतात.

५. स्वयंनिर्णीत विराम

हे सामर्थ्य हाती येताच त्याच्या धोक्याची जाणीवही त्याच प्रयोगशाळांतून उमटली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एसव्ही-४० हा विषाणू काही कृंतक प्राण्यांत अर्बुद उत्पन्न करतो. त्याचा डीएनए ई. कोलायमध्ये, म्हणजे मनुष्याच्या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूच्या जातीत, घालण्याचा बर्ग ह्यांचा बेत होता. १९७१ मध्ये रॉबर्ट पोलॅक ह्या तरुण शास्त्रज्ञाने त्यास हरकत घेतली. बर्ग ह्यांनी प्रथम ती मनावर घेतली नाही. पण सहकाऱ्यांशी विचारविनिमय केल्यावर तो प्रयोग त्यांनी सोडून दिला. १९७३ च्या उन्हाळ्यातील एका परिषदेत कोहेन व बॉयर ह्यांचे काम समजल्यावर उपस्थित शास्त्रज्ञांनी आपली चिंता जाहीर पत्राने व्यक्त करण्याचे ठरविले. जुलै १९७४ मध्ये बर्ग व इतर दहा शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. औषधांना दाद न देणारी किंवा विषोत्पादक जनुके नव्या जीवाणूंत घालणारे, तसेच प्राण्यांच्या विषाणूंचा डीएनए जोडणारे प्रयोग तूर्त स्थगित करावेत, असे आवाहन त्यात होते. सह्या करणारांत बॉयर व कोहेन हेही होते. ज्यांच्या हातात आघाडी होती त्यांनीच ती थांबविण्यास संमती दिली होती.

कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे २४ ते २७ फेब्रुवारी १९७५ ह्या काळात भरलेल्या परिषदेत सुमारे दीडशे जण जमले. वृत्तपत्रांचे प्रतिनिधीही हजर होते. धोक्याच्या प्रमाणात बंदोबस्त असावा, हे तत्त्व अखेर मान्य झाले. बंदोबस्त दोन प्रकारचा ठरला. एक भौतिक, म्हणजे प्रयोगशाळेच्या रचनेचा. दुसरा जैविक, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर जगूच शकणार नाहीत असे दुर्बल जीवाणू वापरण्याचा. ह्याच आधारावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेची नियमावली जून १९७६ मध्ये जाहीर झाली. पुढे जसजसा अनुभव वाढला आणि मानलेले धोके प्रत्ययास आले नाहीत, तसतसे हे नियम सैल करण्यात आले.

असिलोमारची प्रशंसा पुष्कळ झाली आहे, आणि ती अस्थानी नाही. परंतु तेथे काय ठरले ह्याबरोबरच काय चर्चेबाहेर ठेवले गेले, हेही पाहिले पाहिजे. जैविक शस्त्रे आणि मानवी आनुवंशिकतेत हस्तक्षेप हे विषय संयोजकांनी हेतुपुरस्सर वगळले. मालकीहक्काचा प्रश्न निघाला नाही. वस्तुतः कोहेन-बॉयर पद्धतीच्या पेटंटसाठी नोव्हेंबर १९७४ मध्येच अर्ज दाखल झालेला होता. सामान्य नागरिकास तेथे स्थान नव्हते. प्रश्न सुटण्याजोगा व्हावा म्हणून तो प्रयोगशाळेतील सुरक्षिततेपुरता मर्यादित केला गेला, आणि तो सुटला. उरलेले प्रश्न दाराबाहेर उभे राहिले. त्यांपैकी एक लौकरच आत आला. १९७६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज नगराच्या परिषदेने हार्वर्डमधील नियोजित प्रयोगशाळेच्या प्रश्नावर ह्या प्रयोगांस तात्पुरती स्थगिती दिली, आणि शास्त्रज्ञ नसलेल्या नागरिकांची एक समिती नेमली. ह्या समितीने अनेक महिने साक्षी घेतल्या, आणि काही जादा अटी घालून प्रयोगांस संमती द्यावी असा अभिप्राय दिला. फेब्रुवारी १९७७ मध्ये तसा नियम झाला. विषय अवघड आहे म्हणून सामान्य माणसास त्यावर निर्णय देता येणार नाही, हे गृहीत धरणारांस ह्या घटनेने उत्तर दिले.

६. साधनाकडून संकल्पनेकडे

ह्या वादाच्या ऐन भरात कात्रीने जनुकाच्या व्याख्येसच धक्का दिला. जीवाणूंत जनुक ही अक्षरांची सलग ओळ असते. सर्व सजीवांत ती तशीच असणार, हे इतके स्वाभाविक वाटे की ते तपासण्याची गरज कोणास भासली नव्हती. १९७७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे रिचर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत फिलिप शार्प ह्यांच्या गटाने ॲडेनोव्हायरसाचा निर्बंधक विकरांनी कापलेला डीएनए घेऊन त्यावर त्याच विषाणूचा संदेशवाहक आरएनए बसविला. विद्युत्‌परमाणु सूक्ष्मदर्शकाखाली डीएनएचे मोठाले फास बाहेर लोंबताना दिसले. आरएनएमध्ये ज्यांचा मागमूस नाही असे लांब भाग डीएनएत मध्येच पडलेले होते. त्याच सुमारास सस्तन प्राण्यांच्या हीमोग्लोबिनाच्या आणि कोंबडीच्या अंड्यातील प्रथिनाच्या जनुकांतही तेच आढळले. वॉल्टर गिल्बर्ट ह्यांनी १९७८ मध्ये गाळल्या जाणाऱ्या भागांस ‘इंट्रॉन’ आणि राहणाऱ्या भागांस ‘एक्सॉन’ अशी नावे दिली.

ह्या शोधाने ‘एका प्रथिनाची माहिती धारण करणारा सलग खंड’ ही व्याख्या उच्चवर्गीय सजीवांपुरती अपुरी ठरली. एकाच जनुकाचे तुकडे निरनिराळ्या रीतींनी जोडून अनेक प्रथिने होऊ शकतात, हे पुढे दिसून आले. व्यवहारावरही त्याचा परिणाम झाला. इंट्रॉन गाळण्याची यंत्रणा जीवाणूत नसल्यामुळे मनुष्याचे जनुक जसेच्या तसे जीवाणूत घालून प्रथिन मिळण्याची आशा सामान्यतः धरता येत नाही. १९७८ मध्ये जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन प्रथम तयार करविण्यात आले तेव्हा इन्सुलिनाच्या २१ व ३० ॲमिनो अम्लांच्या दोन साखळ्यांचा ज्ञात क्रम लिपीत उलट लिहून ती दोन लहान जनुके रसायनांपासून रचलेली होती. अशा रचनेचा मार्ग खोराना ह्यांनी १९७० मध्ये ७७ क्षारकजोड्यांचे जनुक संश्लेषित करून दाखविला होता. ह्या इन्सुलिनास अमेरिकेत ऑक्टोबर १९८२ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली. तोपर्यंत मधुमेही रुग्ण डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनावर अवलंबून होते.

असिलोमारने दाराबाहेर ठेवलेले इतर प्रश्नही एकामागून एक पुढे आले. जून १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, भारतात जन्मलेल्या आनंदमोहन चक्रवर्ती ह्यांनी खनिज तेलाचे विघटन करण्यासाठी सिद्ध केलेल्या जीवाणूवर पेटंट देता येते, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी दिला. हा जीवाणू निर्बंधक विकरांनी घडविलेला नव्हता. प्लाझ्मिडांच्या नैसर्गिक संक्रमणाचा त्यात उपयोग केला होता. तथापि सजीव वस्तूवर मालकी असू शकते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये ह्या क्षेत्रासाठी नियम झाले. २००२ मध्ये जालना येथील एका बियाणे कंपनीच्या कीटकरोधक बीटी कापसाच्या संकरित वाणांस लागवडीची परवानगी मिळाली, आणि महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांच्या घरी हा विषय बियाण्याच्या पिशवीच्या किमतीच्या रूपाने येऊन पोहोचला. बीटी वांग्यास मात्र फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती देण्यात आली. त्याआधी निरनिराळ्या शहरांत जाहीर सभा घेऊन शेतकरी, शास्त्रज्ञ व ग्राहक ह्यांची मते ऐकण्यात आली होती. निर्णयाच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतील. परंतु निर्णय कोणास विचारून घ्यावयाचा, हा केंब्रिजमधील प्रश्न येथेही उपस्थित झाला होता, एवढे निश्चित.

७. उपसंहार

ह्या इतिहासाची पुनरावृत्ती थोड्याच काळात पाहावयास मिळाली. १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी ई. कोलायच्या डीएनएत ठराविक अंतराने येणारे पुनरावृत्त क्रम नोंदविले. त्यांचा अर्थ त्यांस लागला नाही. २००५ च्या सुमारास फ्रान्सिस्को मोहिका व इतरांनी दाखविले की, ह्या क्रमांच्या मधल्या जागांत विषाणूंचे अंश साठविलेले असतात. दही लावण्याच्या कामी येणाऱ्या जीवाणूवरील प्रयोगांनी २००७ मध्ये ही विषाणूंविरुद्धची संरक्षणव्यवस्था असल्याचे सिद्ध केले. २०१२ मध्ये एमान्युएल शार्पान्त्ये व जेनिफर डाउडना ह्यांच्या गटांनी तीतूनच हव्या त्या जागी छेद घेणारी ‘क्रिस्पर’ ही नवी कात्री घडविली. त्यासाठी त्यांस २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुन्हा एकदा जीवाणू आणि विषाणू ह्यांच्या जुन्या वैरातूनच शस्त्र मिळाले, आणि पुन्हा एकदा ते प्रथम एका अर्थहीन वाटणाऱ्या नोंदीच्या रूपाने समोर आले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमध्ये ह्या साधनाने गर्भावस्थेच्या आरंभीच जनुकांत फेरफार केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर झाले, तेव्हा १९७५ मध्ये चर्चेबाहेर ठेवलेला अखेरचा मोठा प्रश्नही उंबरठ्याच्या आत आला.

ह्या सर्व हकीकतीतून अध्यापनास उपयोगी पडणारा निष्कर्ष असा निघतो की, प्रास्ताविक जीवशास्त्रातील प्रत्येक व्याख्येस एक तारीख असते. १९०९ चे जनुक, १९४४ चे जनुक, १९६६ चे जनुक आणि १९७८ चे जनुक ह्या चार भिन्न वस्तू नव्हेत. पण त्या काळच्या साधनांनी जेवढे दिसू शकत होते तेवढ्याच त्या चार व्याख्या आहेत. विद्यार्थ्यास व्याख्येबरोबर तिची तारीख आणि तिच्यामागील प्रयोग सांगितला, तर पुढील विसंगती समोर येताच तिला चूक समजून टाकून देण्याची घाई तो कदाचित करणार नाही. लूरिया ह्यांच्या त्या विषाणूंस ‘नष्ट’ म्हणून सोडून देणे सर्वांत सोपे होते. अभ्यासक्रमाचा हेतू फार उपयुक्त विषयांची निवड करणे हा असावा, असे मत अलीकडे वारंवार मांडले जाते. ज्या विषयास १९५२ मध्ये कोणीही उपयुक्त म्हटले नसते, त्याच्यावाचून १९७३ चा प्रयोग आणि १९८२ चे इन्सुलिन संभवले नसते, ही गोष्ट अशा प्रसंगी विचारात घ्यावी लागेल.